बोगद्यापलीकडची मुंबई आणि अलीकडचे कर्जत : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील पर्यायी इतिहासाचा भूगोल

बीजसंज्ञा : पर्यायी इतिहास, मुंबई बेट, साष्टी, बोरघाट, भिवपुरी, जयंत नारळीकर

प्रास्ताविक

मराठी साहित्यात पानिपताचा विषय निघाला की बहुधा शोकाचाच सूर लागतो. बखरकारांपासून विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीपर्यंत ही परंपरा अखंड आहे. त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात त्या पराभवाची चिकित्सा केली, तरी १४ जानेवारी १७६१ या दिवशी जे घडले ते घडलेच, ही मर्यादा इतिहासकाराला ओलांडता येत नाही. ती ओलांडण्याची मुभा कथाकाराला असते. डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत घेतली. ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहातील ही कथा मराठीतील पर्यायी इतिहासाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. तिचे इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले आणि ती मराठीबाहेरही पोहोचली. प्रस्तुत लेखात प्रवासाचे व सरहद्दीचे जे तपशील घेतले आहेत, ते या पाठ्यपुस्तकातील रूपावरून घेतले आहेत.

या कथेविषयी आजवर जे लिहिले-बोलले जाते ते प्रामुख्याने दोन अंगांनी. एक, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा इतिहासाचा प्रश्न. आणि दुसरे, आपत्तीचा सिद्धांत व पुंजवादातील अनेक विश्वांची कल्पना यांचा कथेतील वापर. कथेतील मुंबईकडे, म्हणजे मराठ्यांच्या स्वतंत्र देशाच्या कडेला इंग्रजांच्या ताब्यात उरलेल्या त्या बेटाकडे, मात्र स्वतंत्रपणे पाहिले गेल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. ते बेट कथेत फार प्रत्ययकारी आहे. परंतु घाटाखालच्या, कर्जत-खालापूरच्या मुलखात राहून ही कथा वाचली की एक अडचण जाणवू लागते. बेट बदलले, राजवट बदलली, इतिहासाची पुस्तके बदलली. मग बेटाला पोसणारा हा घाटपायथा जसाच्या तसा कसा राहिला? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

गाडीच्या खिडकीतून दिसलेले

कथेचे सूत्र वाचकांना ठाऊक असेल. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जातात की जेथे पानिपतावर मराठ्यांचा जय झालेला आहे. हे कसे झाले याचा छडा लावण्यासाठी ते मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाकडे निघतात. हा प्रवास आगगाडीने होतो आणि नारळीकरांनी बदललेल्या जगाची पहिली ओळख या गाडीच्या खिडकीतूनच करून दिली आहे. ही योजना फार समर्पक आहे. पुणे-मुंबई प्रवास हा मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडलेला आहे. त्यातले प्रत्येक स्थानक, प्रत्येक बोगदा वाचकाला पाठ असतो. म्हणूनच त्यातला लहानसा फरकही त्याला लगेच खटकतो.

फरक कोणते दाखविले आहेत ते पाहावे. गाडीचे नाव जिजामाता एक्स्प्रेस आहे आणि ती डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान आहे. पुण्याबाहेर कारखान्यांच्या वसाहती नाहीत. कल्याण ओलांडल्यावर लांब बोगदा येतो, त्याच्या पलीकडे ‘सरहद्द’ नावाचे लहान स्थानक आहे आणि तेथे गणवेशातील अँग्लो-इंडियन अधिकारी परवाने तपासतो. ब्रिटिश राज्य तेथून सुरू होते. उपनगरी गाड्यांचे डबे निळे आहेत, त्यांवर बृहन्मुंबईच्या रेल्वेची आद्याक्षरे आहेत आणि चिमुकला युनियन जॅक रंगविलेला आहे. या मोजक्या तपशिलांतून एक संपूर्ण राजकीय व्यवस्था उभी राहते. पिंपरी-चिंचवडचा पट्टा एका वाक्यात पुसून टाकणे हे तर खऱ्या कथाकाराचे काम आहे. सत्ता बदलली तर कारखान्यांच्या जागाही बदलतील, हे लेखकाने येथे अचूक ओळखले आहे.

लोणावळ्यानंतर मात्र ही दृष्टी एकाएकी मंदावते. घाटाचा टप्पा गंगाधरपंतांच्या परिचयाचाच होता, त्यात वेगळे काही नव्हते, असे सांगून कथा पुढे जाते. कर्जतला गाडी क्षणभर थांबते, आणि कल्याणवरून तर ती धडधडत निघून जाते. घाट, कर्जत, भिवपुरी, नेरळ, कल्याण हा सारा प्रदेश दोन-तीन वाक्यांत मागे पडतो. वाचकही तो तसाच मागे टाकतो, कारण पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला या प्रदेशाकडे पाहण्याची सवयच नसते. लेखकाला दोष देण्याच्या हेतूने हे म्हटलेले नाही. परंतु कथेने खिडकी हेच आपले साधन मानले असल्यामुळे त्या खिडकीतून काय दिसले आणि काय दिसले नाही, ही कसोटी तिला लावणे अन्यायाचे होणार नाही.

सरहद्द कोठे असावयास हवी होती?

प्रथम सरहद्दीचाच विचार करू. कल्याणच्या पुढे, मुंबईच्या बाजूस असलेला लांब बोगदा म्हणजे पारसिकचा बोगदा, हे या मार्गाने जाणाऱ्यास सांगावे लागत नाही. याचा अर्थ कथेतील ब्रिटिश मुंबईत ठाण्याची खाडी, म्हणजे संपूर्ण साष्टी बेट, समाविष्ट आहे. (प्रत्यक्षात हा बोगदा १९१६ मध्ये सुरू झाला, त्यापूर्वी गाड्या मुंब्र्याच्या वळणाने जात. कथेच्या जगात तो कोणी खणला, हा उपप्रश्न तूर्त बाजूस ठेवू.)

साष्टी इंग्रजांकडे कशी आली याचा इतिहास पानिपताशी थेट जोडलेला आहे. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजास दिले ते मुंबई बेट. त्याचा ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये ते वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. १७३७–३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांनी वसईबरोबर साष्टीही मराठी राज्यात आणली. त्यानंतर पस्तीस वर्षे इंग्रजांचा डोळा साष्टीवर होता, पण हात पोहोचत नव्हता. तो पोहोचला पेशव्यांच्या घरातील कलहामुळे. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास जाऊ लागले, त्या धामधुमीत डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले, आणि मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी साष्टी व वसई देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली. साष्टी मिळाली नाही.

आता कथेचा तर्क पाहावा. तेथे विश्वासराव वाचले आहेत, त्यांना माधवरावांची साथ आहे, आणि दादासाहेब, म्हणजे रघुनाथराव, राजकारणातून बाजूस पडले आहेत. रघुनाथरावच नाहीत तर सुरतेचा तह नाही; तह नाही तर साष्टी नाही. कथेतील ब्रिटिश सरहद्द पारसिकच्या बोगद्याशी नव्हे, तर शीव आणि माहीमच्या खाडीशी पडावयास हवी होती. गंगाधरपंतांचा परवाना ठाणे, मुलुंड, भांडुप, घाटकोपर हा सारा पट्टा ओलांडून गेल्यावर तपासला गेला असता.

याला एक उत्तर कथेतूनच मिळू शकते. कथेत मराठ्यांनी आपल्या सामर्थ्याच्या बळावर, केवळ व्यापारी हेतूने मुंबई इंग्रजांकडे राहू दिली आहे आणि १९०८ च्या तहानुसार तो भाडेपट्टा २००१ मध्ये संपावयाचा आहे. त्या तहातच साष्टीचा समावेश झाला, असे मानता येईल. तसे मानले तर कथा अधिक अर्थपूर्ण होते, पण मग एक नवा प्रश्न उभा राहतो : इंग्रजांना साष्टी भाड्याने का घ्यावीशी वाटली? उत्तर सरळ आहे. नुसत्या बेटावर शहर वाढत नाही. १८६० साली मुंबईला नळाचे पाणी आले ते विहार तलावातून, आणि विहार साष्टीत आहे. तुळशीही साष्टीत. पुढे १८९२ मध्ये तानसा आला. तो तर कल्याणच्याही पलीकडे शहापूरच्या रानात आहे, म्हणजे कथेतील सरहद्दीच्या बाहेर, मराठ्यांच्या मुलखात.

येथे हाँगकाँगचे उदाहरण आठवणे स्वाभाविक आहे. भाडेपट्ट्याची कल्पना तेथील इतिहासाशी विलक्षण जुळते. हाँगकाँग बेट १८४२ मध्ये इंग्रजांना कायमचे मिळाले, कौलून १८६० मध्ये. भाडेपट्टा होता तो मागच्या मुलखाचा, १८९८ पासून ९९ वर्षांचा. ती मुदत संपत आली तेव्हा कायमची मिळालेली जागा स्वतःकडे ठेवून फक्त भाड्याचा मुलूख परत करणे इंग्रजांना शक्य वाटले नाही. १९८४ च्या संयुक्त घोषणापत्राने सारेच परत करण्याचे ठरले आणि १९९७ मध्ये ते झाले. १९६५ पासून त्या शहराचे पाणीही चीनच्या मुख्य भूमीतून, डोंगजियांग नदीतून येत होते. कागदावर बेट मालकीचे आणि पाठभूमी भाड्याची. व्यवहारात पाठभूमीच मालक ठरली. नारळीकरांची कथा या घोषणापत्राच्या आधीची आहे. त्यांनी बेटाच्या भाडेपट्ट्याला अंतिम तारीख देऊन ठेवली, ही त्यांच्या राजकीय जाणिवेची साक्षच म्हणावी लागेल. मात्र भाडे कोण कोणाला देते आणि त्या बदल्यात घाटपायथ्याचे काय होते, हे त्यांनी उलगडले नाही.

तशी मुंबई एकदा होऊन गेली

कथेतील मुंबई काल्पनिक असली तरी तिचा एक खरा पूर्वावतार इतिहासात आहे, आणि त्याकडे समीक्षकांचे लक्ष जावयास हवे. १७३९ ते १७७४ या पस्तीस वर्षांत मुंबई नेमकी अशीच होती : तिन्ही बाजूंना मराठ्यांची सत्ता आणि मध्ये इंग्रजांचे बेट. वसई पडल्याबरोबर मुंबईकर इंग्रजांनी तातडीने चिमाजी आप्पांकडे व साताऱ्यास शाहू महाराजांकडे वकील पाठविले आणि त्याच वर्षी व्यापाराचा तह करून घेतला. किल्ल्याभोवती खंदक खणण्यासाठी व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपयांची वर्गणी जमविली. म्हणजे बेटाने पाठभूमीशी एका हाताने व्यापार केला आणि दुसऱ्या हाताने खंदक खणला. कथेतील परवाना तपासणारा अधिकारी आणि हा खंदक यांत दोनशे वर्षांचे अंतर असले तरी वृत्ती एकच आहे.

त्या काळातील मुंबईला घाटावर पाऊल टाकणे किती कठीण होते याचे प्रत्यंतर थोड्याच वर्षांत आले. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांना घेऊन इंग्रजांची फौज पनवेल, खोपोली, बोरघाट, खंडाळा या वाटेने पुण्याकडे निघाली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, मराठी माणसाच्या तोंडचा इष्टुर फाकडा, मारला गेला. तळेगावाहून फौज मागे फिरली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली. ज्या खोपोलीत नाना फडणीसांनी महादेवाचे देऊळ व तलाव बांधला, तेथूनच ही फौज गेली होती. कर्जत-खालापूरचा मुलूख हा बेटाचा अडसर होता, तोवर बेट बेटच राहिले. त्याचे महानगर झाले ते हा अडसर निघाल्यावर.

घाट तोच कसा?

येथे कथेचा सर्वांत नाजूक सांधा येतो. घाटाचा टप्पा नेहमीचाच होता, हे वाक्य लिहिताना लेखकाने घाट ही निसर्गाची वस्तू मानली असावी. डोंगर इतिहासाने बदलत नाही, हे खरे. पण गंगाधरपंतांनी खिडकीतून पाहिला तो डोंगर नव्हता. तो लोहमार्ग होता.

बोरघाटाची वाट फार जुनी आहे. कार्ले-भाजे घाटावर, आणि खाली राजमाचीच्या पायथ्याशी कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेणी ही त्या वाटेची साक्ष देतात. परंतु ही वाट मुंबईस जात नव्हती. मुंबई तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हती. ती कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात होती. कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी तेथेच जहाजे बांधावयास घेतली, त्यामागेही हाच भूगोल होता. घाटाचे तोंड मुंबईकडे वळविले ते इंग्रजी अमलाने. पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १८३० मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये झाला. आणि मधली काही वर्षे उतारू पालखीतून वा तट्टांवरून घाट चढत-उतरत राहिले. १८६३ मध्ये घाटाचा लोहमार्ग पुरा झाला. सुमारे १५ मैलांची चढण, २५ बोगदे, ३७ फुटांस एक फूट चढ. ऐन भरात सुमारे ४० हजार मजूर तेथे राबत होते आणि पटकी, हिवताप व दरडी यांत किती मेले याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्याबरोबर आजाराने गेला. त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. तिचे नाव टिकले, हजारो मजुरांचे टिकले नाही.

कर्जतचे भाग्य या लोहमार्गाने उघडले. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने येथे जोडतात, म्हणून गाड्या येथे थांबतात. खोपोलीचा फाटा येथून निघतो, म्हणून हे जंक्शन झाले. कथेतील जिजामाता एक्स्प्रेस घाट उतरून आली आहे, तिला मागून रेट्याची गरज नाही. तरीही ती येथे क्षणभर थांबते. हा थांबा प्रस्तुत लेखकास फार बोलका वाटतो. स्वतंत्र मराठी राज्यातली ही गाडी ब्रिटिश वेळापत्रकाची सवय पाळते आहे.

कोणी म्हणेल की, कथेत एकोणिसाव्या शतकातील पेशव्यांनी विज्ञान व तंत्रज्ञानाची केंद्रे स्थापन केली, युरोपीय तज्ज्ञांची मदत तात्पुरती घेऊन स्वावलंबन साधले. मग घाटातला लोहमार्ग त्यांनी बांधला असे का मानू नये? अवश्य मानावे. पण तो कोठे नेण्यासाठी? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला घाट फोडावासा वाटला, कारण देशावरचा माल, त्यातही कापूस, मुंबईच्या गोदीत उतरवावयाचा होता. पुण्याच्या स्वतंत्र सरकारने एवढा खर्च परकीयांच्या बंदरात माल नेण्यासाठी केला असता काय? त्याने कल्याण वाढविले असते, वसई वाढविली असती, पनवेलची खाडी उपसली असती. त्या जगात कल्याण हे मराठी राज्याचे प्रमुख बंदर, सरहद्दीवरचे नाके आणि बहुधा मुंबईचे प्रतिस्पर्धी शहर झाले असते. आणि कथेतली गाडी नेमकी कल्याणला थांबत नाही. नारळीकरांच्या पर्यायी इतिहासातील ही सर्वांत मोठी चूक असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इतर उणिवा सूट म्हणून सोडता येतात. ही सोडता येत नाही, कारण ती कथेच्या मुळाशी असलेल्या स्वावलंबनाच्या कल्पनेलाच छेद देते.

भिवपुरी : वीज आणि पाणी

कर्जतच्या अलीकडे, नेरळच्या दिशेने, भिवपुरी रोड हे स्थानक लागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिवपुरीच्या वीजगृहाने गेली शंभर वर्षे मुंबईचा दिवा जळता ठेवण्यास हातभार लावला आहे. टाटांच्या जलविद्युत योजनांतील पहिली खोपोलीची, १९१५ ची. दुसरी भिवपुरीची, आंध्र व्हॅली कंपनीची, १९२२ ची. तिसरी भिऱ्याची, १९२७ ची. गिरण्यांच्या धुराड्यांखाली जळणारा कोळसा दूरच्या खाणींतून आणावा लागे, तो महाग पडे. त्याला पर्याय म्हणून घाटमाथ्यावरचा पाऊस अडवून पायथ्याशी सोडण्याची ही युक्ती होती. तिची आखणी मुंबई बेटाच्या गरजेतून झाली.

या युक्तीत एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे पर्यायी इतिहासाच्या लेखकाचे लक्ष गेले तर त्याला कथेचे बीजच मिळावे. आंध्रा नदी ही पूर्ववाहिनी. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. ठोकरवाडीला धरण बांधून हे पाणी पश्चिमेस वळविले, पाचशे मीटरांहून अधिक खोल उतरविले आणि भिवपुरीस त्याची वीज केली. वापरून झालेले पाणी पेज नदीत सोडले जाते आणि पुढे उल्हासला मिळते. म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते, राजनाल्याच्या कालव्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकतो, आणि उल्हासकाठची शहरे पाणी पितात. खालापुरात खोपोलीच्या वीजगृहाचे पाणी पाताळगंगेला बारमाही करते. देहू-आळंदीकडे जावयाचे पाणी अरबी समुद्राकडे निघाले, ते एका बेटाला वीज हवी होती म्हणून. मुंबईच्या सत्तेने या मुलखातील गावांची नावे बदलली नाहीत. तिने नद्यांच्या दिशा बदलल्या.

या योजनांना भारतीय भांडवल होते, हे येथे नोंदविले पाहिजे. त्या केवळ परकीयांनी लादल्या असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. १९२१ मध्ये सेनापती बापट व मावळातले शेतकरी मुळशीच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा समोर टाटांची कंपनी होती आणि तिच्या पाठीशी भूसंपादनाचा सरकारी कायदा होता. कथेच्या जगात काय झाले असते? पुण्याच्या लोकनियुक्त सरकारने मावळातील जमिनी बुडवून परक्या बेटाला वीज विकली असती का? कदाचित विकलीही असती. पैसा चांगला मिळाला असता आणि मावळे घाटातच राहिले असते. तसे झाले असेल तर गंगाधरपंतांनी ज्या स्वाभिमानी देशाचा इतिहास वाचून समाधान मानले, त्या देशाविषयी आणखी काही प्रश्न विचारणे त्यांना भाग पडले असते. तसे झाले नसेल तर युनियन जॅक रंगविलेले ते निळे डबे कशावर धावत होते, याचा खुलासा कथेत नाही.

तारेचे दुसरे टोक

बेट आणि पायथा यांना जोडणारी तार इतिहासकारांपेक्षा येथल्या लोकांनी अधिक नेमकी ओळखली होती. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांच्या आझाद दस्त्याने या भागातून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. हेतू उघड होता : गिरण्या व कारखाने थांबले की सरकारला जाणीव होईल. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. मुंबईत गोवालिया टँकवर जे बोलले गेले त्याची नोंद प्रत्येक पुस्तकात सापडते. मनोरे पाडणाऱ्यांनी मात्र साम्राज्याचा नकाशा अधिक बारकाईने वाचला होता. बेटाची नस बेटाबाहेर आहे हे त्यांना कळले होते.

या संदर्भात कथेतील आणखी एक गृहीतक तपासावे लागते. गंगाधरपंत ग्रंथालयात वाचलेल्या इतिहासावरून असा निष्कर्ष काढतात की, हा देश गोऱ्यांचा गुलाम कधी झाला नाही आणि स्वतःच्या पायांवर उभा राहिला. हा निष्कर्ष पुण्याहून काढलेला आहे. घाटाखालचे ठाकूर आणि कातकरी यांच्या दृष्टीने पेशवाईतील वेठ आणि कंपनी सरकारची वेठ यांत किती अंतर होते, हा प्रश्न कथेच्या कक्षेत येत नाही. १८७८ च्या वन कायद्याने त्यांचे रान सरकारी झाले, ही इंग्रजी अमलाची देणगी. ती पर्यायी जगात टळली असती असे समजायला हरकत नाही. पण त्या जगात रान त्यांचे राहिले असते असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पर्यायी इतिहास बहुधा राजधान्यांचा इतिहास असतो. फिलिप डिक याच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (१९६२) या प्रसिद्ध कादंबरीत जपानी अमलाखालचे सॅन फ्रान्सिस्को जितके जिवंत आहे तितका आतला मुलूख नाही. हा या साहित्यप्रकाराचाच स्वभाव असावा. नारळीकरांच्या कथेला त्याबद्दल वेगळा दोष देण्याचे कारण नाही. मात्र या साहित्यप्रकाराने जी परीक्षा स्वतःवर ओढवून घेतलेली असते, ती देणे त्यालाही चुकत नाही.

कथेचा स्वतःचा सिद्धांत

एक आक्षेप असा येईल की, ही लहानशी विज्ञानकथा आहे, जिल्हा गॅझेटियर नव्हे. तिच्याकडून नद्या-नाल्यांचा हिशेब मागणे म्हणजे रसिकतेचा अभाव होय. या आक्षेपात तथ्य आहे, आणि प्रस्तुत लेखकाने ही कथा अनेकदा वाचली ती हिशेब मागण्यासाठी नव्हे. विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी, ‘भाऊसाहेबांच्या बखरी’चे फाटके पान, आझाद मैदानावरील अध्यक्षाविना चालणाऱ्या सभेत गंगाधरपंतांनी केलेली धिटाई, हे सारे आजही वाचकाला धरून ठेवते. मराठी विज्ञानकथेला तिने जी उंची दिली ती वादातीत आहे.

परंतु ही परीक्षा बाहेरून लादलेली नाही. कथेच्या अखेरीस राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना जो सिद्धांत समजावून सांगतो, त्याचे सार असे की, कळीच्या क्षणी घडलेला अत्यल्प फरक पुढे प्रचंड भिन्न परिणाम घडवितो. एक गोळी काही मिलिमीटर इकडची तिकडे झाली आणि साम्राज्याचा नकाशा बदलला. हा सिद्धांत मान्य केला तर लोणावळा ते कल्याण हा पट्टाच तेवढा त्या फरकाला दाद न देता जसाच्या तसा राहील, असे मानता येत नाही. पुण्याबाहेरच्या कारखान्यांना जो नियम लेखकाने लावला तो घाटाला लावला नाही. आणि हे न लावणे नकळत घडले आहे, म्हणूनच ते अभ्यासण्याजोगे आहे. स्वतंत्र मराठी राज्याची कल्पना करणाऱ्या प्रतिभावंत लेखकाच्याही मनात घाट हा मुंबईकडे उतरणाराच राहिला. त्या उताराची दिशा आपल्या सर्वांच्या मनात इतकी पक्की बसली आहे.

गंगाधरपंतांनी त्या जगातून परतताना बखरीचे एक पान खिशातून आणले, आणि त्यावरून राजेंद्रची खात्री पटली. ते पान पानिपताविषयी होते. गाडी कर्जतला थांबली त्या क्षणी त्यांनी खिडकीतून नदीच्या पात्राकडे पाहिले असते, तर दुसरा पुरावाही त्यांना मिळाला असता. दिवस उन्हाळ्याचे असते आणि भिवपुरीच्या खाली पेज नदीचे पात्र कोरडे ठणठणीत असते, तर आंध्रेचे पाणी अजून इंद्रायणीकडे जाते आहे, हे त्यांना कळले असते. आणि पात्रात पाणी वाहत असते, तर परवाना तपासणारा तो अधिकारी बोगद्यापलीकडे नव्हे, तर तेथेच, कर्जतच्या फलाटावर डब्यात चढावयास हवा होता.